नमुना, माप आणि हात



मॉडेल इंजिनिअरिंग म्हणजे खऱ्या यंत्राची लहान प्रतिकृती धातूतून घडवणे आणि ती चालवून दाखवणे. यातला दुसरा भाग महत्त्वाचा. कपाटात ठेवायचे आगगाडीचे इंजिन लाकडाचे असो, पत्र्याचे असो, प्लास्टिकचे असो, ते शोभले की झाले. मॉडेल इंजिनिअरच्या इंजिनात मात्र खरे पाणी असते आणि त्याखाली खरा जाळ असतो. वाफ दट्ट्या ढकलते, दट्ट्या चाक फिरवतो, आणि साडेतीन इंच गेजच्या रुळांवर ते इंजिन मागच्या गाड्यावर बसलेल्या मोठ्या माणसाला ओढत नेते.

हा छंद घरातल्या एका कोपऱ्यात वाढतो. एक लहान लेथ, एक ड्रिल मशीन, बाकाला जखडलेला व्हाइस, कानशींचा संच, करवत आणि मोजमापाची चार साधने, एवढ्यावर सुरुवात होते. साधे इंजिन पुरे व्हायला कित्येक रविवार जातात, आगगाडीचे इंजिन असेल तर वर्षे जातात. सगळे तयार मिळण्याच्या काळात एवढी मेहनत कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर तीन शब्दांत मांडता येते: नमुना, माप आणि हात. हे तीन मुद्दे क्रमाने पाहू आणि शेवटी हा छंद दिल्लीलगतच्या गाझियाबादसारख्या शहरात कसा रुजतो, तेही पाहू.

पहिला मुद्दा नमुन्याचा.

ग्लासगो विद्यापीठात १७६३च्या हिवाळ्यात न्यूकमेनच्या वाफेच्या इंजिनाचा एक लहान नमुना दुरुस्तीच्या बाकावर आला. दुरुस्ती करणारा जेम्स वॅट विद्यापीठाची उपकरणे बनवून देणारा कारागीर होता. मोठी न्यूकमेन इंजिने त्याआधी पन्नास वर्षे खाणींतले पाणी उपसत होती. हा नमुना मात्र दुरुस्त होऊनही चार-दोन फेरे मारून थांबे. बॉयलर प्रमाणात होता, तरी वाफ पुरत नव्हती. असे का?

न्यूकमेनच्या रचनेत वाफ सिलिंडरमध्येच गार पाणी मारून निववली जाई. प्रत्येक फेऱ्याला सिलिंडर थंड पडे आणि पुढची बरीचशी वाफ तो पुन्हा तापवण्यातच खर्ची होई. मोठ्या इंजिनातही नेमके हेच होत होते. पण ती इंजिने बहुतेक कोळशाच्या खाणींवर उभी होती, जळण हाताशी होते, त्यामुळे तोटा खपून जाई. लहान नमुन्यात तो खपेना. वाफ सिलिंडरबाहेर वेगळ्या भांड्यात निववावी, ही कल्पना वॅटला १७६५ मध्ये सुचली आणि १७६९ मध्ये तिचे पेटंट झाले. पन्नास वर्षे मोठ्या यंत्राने झाकून ठेवलेला दोष लहान नमुन्याने उघडा पाडला.

यामागचे गणित शाळेतल्या मुलालाही समजावे इतके सोपे आहे. एखादी वस्तू सोळाव्या हिश्शाइतकी लहान केली, तर तिची लांबी १६ पट घटते, पृष्ठभाग २५६ पट घटतो, आणि आकारमान ४,०९६ पट घटते. म्हणजे १०० टनांचे इंजिन या प्रमाणात सुमारे साडेचोवीस किलोंचे होते. पण आतल्या पाण्याच्या मानाने उष्णता घालवणारा पृष्ठभाग सोळा पट होतो. लहान बॉयलर म्हणूनच लवकर निवतो. मोठ्या यंत्राचे रेखाचित्र सरळ सोळाने भागून चालणारे इंजिन होत नाही. नळ्या किती, त्यांचे भोक केवढे, पत्रा किती जाड, हे सगळे नव्याने ठरवावे लागते. नक्कल करायला बसलेल्या माणसाला इथे विचार करावाच लागतो, आणि नमुन्याचे पहिले देणे हेच आहे.

इंग्लंडमध्ये या छंदाला १८९८ मध्ये रूप आले. त्या वर्षी पर्सिव्हल मार्शल यांनी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये अशा हौशी मंडळींची संस्थाही उभी राहिली. घरच्या लेथवर इंजिन कसे करावे, हे एकेक भाग घेऊन सांगणारी लेखमाला आणि सोबत रेखाचित्रे, अशी परंपरा तिथून पडली. ती रेखाचित्रे आजही जगभर वापरली जातात.

भारतीय माणसाने ती उचलताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. साडेतीन इंचांचा गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, हा इंग्लंडच्या ४ फूट साडेआठ इंच रुळांचा साधारण सोळावा हिस्सा आहे. भारतातली ब्रॉडगेज ५ फूट ६ इंचांची, म्हणजे १,६७६ मिलिमीटरची. तिचा सोळावा हिस्सा जवळपास १०५ मिलिमीटर भरतो, इंग्लिश गेज ८९ च्या आसपास. इंग्लिश रुळांवर भारतीय इंजिन बसवले तर त्याचे प्रमाण चुकते. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूपी वर्गाच्या वाफेच्या इंजिनाचे मोठे चाक ५ फूट ७ इंच व्यासाचे, त्याचा सोळावा हिस्सा सुमारे १०६ मिलिमीटर. अशी मापे पुस्तकात शोधत बसण्याची गरज दिल्लीच्या आसपास राहणाऱ्याला नाही. चाणक्यपुरीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ पासून उघडे आहे, आणि रेवाडीच्या शेडमध्ये डब्ल्यूपी वर्गातली ‘आझाद’ आणि ‘अकबर’ ही इंजिने जपलेली आहेत. वही आणि टेप घेऊन जाणाऱ्याला भारतीय इंजिनांचे नमुने इथे प्रत्यक्ष उभे आहेत.

दुसरा मुद्दा मापाचा.

वॅटची कल्पना १७६५ ची. मग तिचे मोठे इंजिन उभे राहायला दहा वर्षे का लागली? कारण गोल सिलिंडर कोणालाच नीट कोरता येत नव्हता. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्या मधून वाफ निसटून जाई. जॉन विल्किन्सनने तोफा कोरण्यासाठी यंत्र तयार केले, त्याच विचारातून सिलिंडर कोरण्याचे यंत्र १७७५च्या सुमारास आले, आणि मग वॅटचे इंजिन बाजारात जाण्याजोगे झाले. कल्पना डोक्यात जन्मते, पण ती चालते मापाने.

घरच्या कार्यशाळेत हेच लहान प्रमाणात घडते. पोलादी पट्टीवर अर्धा मिलिमीटर दिसतो. व्हर्नियर कॅलिपरवर ०.०२ मिलिमीटर वाचता येतो. मायक्रोमीटरच्या आट्यांचा पिच अर्धा मिलिमीटर असतो, आणि त्याच्या फिरत्या बाहीवर पन्नास खुणा असतात. एक खूण म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. माणसाचा केस साधारण सात-आठ शतांश मिलिमीटर जाड असतो. लहान इंजिनाचा दट्ट्या सिलिंडरमध्ये बसवताना दोन शतांशांची फट ठेवायची असते, म्हणजे केसाच्या जाडीचाही चौथा हिस्सा.

एवढे सूक्ष्म माप घेऊ लागले की हवामानही मोजमापात येते. अचूक मापांसाठी २० अंश सेल्सिअस हे तापमान जगभर प्रमाण मानले जाते. गाझियाबादला जानेवारीच्या पहाटे पारा पाच अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात पंचेचाळिसाला टेकतो. पोलादाची १०० मिलिमीटर लांबीची सळई चाळीस अंशांच्या फरकाने सुमारे ०.०४६ मिलिमीटरने वाढते, पितळेची सुमारे ०.०७६ ने. लेथवर नुकताच कापलेला, हाताला चटका देणारा भाग लगेच मोजला तर माप खोटे येते. तो निवू द्यावा, मग मोजावा. धीर हाही मापाचाच भाग आहे.

सपाटपणाची गोष्ट याहून सुंदर आहे. पूर्ण सपाट पृष्ठभाग करायचा, आणि ताडून पाहायला दुसरा सपाट पृष्ठभाग नाही. काय करावे? लोखंडाच्या दोन प्लेटा एकमेकींवर निळा रंग लावून घासल्या, उंच भाग खरवडले, तर त्या एकमेकींशी जुळतात. पण एक फुगीर आणि दुसरी खोलगट असली तरीही जुळतातच. म्हणून तीन प्लेटा घ्यायच्या. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी ताडत राहायचे. तिन्ही एकमेकींशी जुळल्या, तर त्या सपाटच असल्या पाहिजेत, दुसरी शक्यता उरत नाही. जोसेफ व्हिटवर्थ यांनी एकोणिसाव्या शतकात ही रीत रूढ केली. कुठलेही महागडे उपकरण न घेता, रंग आणि खरवडणी एवढ्यावर, खरेपणा सिद्ध करता येतो. याहून चांगला तर्कशास्त्राचा धडा कोणता?

तिसरा मुद्दा हाताचा. इथे एक साधे इंजिन करून पाहू.

नवशिक्याने डोलणाऱ्या सिलिंडरच्या इंजिनापासून सुरुवात करावी. त्यात वेगळा व्हॉल्व्ह लागत नाही. सिलिंडर स्वतःच एका खुंटीवर झुलतो, आणि त्याच्या सपाट अंगावरचे भोक उभ्या पट्टीवरच्या दोन भोकांसमोर आळीपाळीने येते. एका भोकातून वाफ आत येते, दुसऱ्यातून बाहेर जाते. सिलिंडरचे भोक १२ मिलिमीटर आणि दट्ट्याचा फेरा १६ मिलिमीटर धरला, तर दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १.१३ चौरस सेंटिमीटर होते. चौरस सेंटिमीटरला दोन किलो दाबाने त्यावर सव्वादोन किलोंचा रेटा बसतो. तळहाताएवढे यंत्र फिरवायला तो पुरेसा आहे.

कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी पितळेच्या तुकड्याची एक बाजू सपाट करायची, कारण पुढची सगळी मापे तिच्यावरून धरायची असतात. मग लेथवर भोक पाडायचे, बोअरिंग टूलने ते वाढवत न्यायचे आणि शेवटी रीमर फिरवायचा. दट्ट्या भोकाच्या मापावर वळायचा, भोक दट्ट्याच्या मापावर नव्हे; बाहेरचे माप साधणे सोपे असते. लेथचा वेगही धातू पाहून ठरतो. साध्या पोलादाला हायस्पीड टूलने मिनिटाला २५ मीटर कापणी मानवते, म्हणजे २० मिलिमीटरची सळई मिनिटाला चारशे फेऱ्यांनी फिरवावी. पितळ त्याहून दुपटीने सोसते. वेग चुकला की टूल किरकिर करते आणि पृष्ठभागावर लाटा उठतात. कान इथे डोळ्याइतकेच कामाचे असतात.

जोडणी झाल्यावर इंजिन पहिल्यांदा हवेवर चालवावे. सायकलच्या पंपाची हवा देऊन चाकाला बोटाने हलकी गती दिली की ते अडखळते, थांबते, आणि कधीतरी एकदम धरते. कारागिराच्या आयुष्यात या क्षणासारखे थोडेच असते.

बॉयलरच्या बाबतीत मात्र हौस बाजूला ठेवून नियम पाळायचे असतात. पाण्याची साध्या दाबाला वाफ झाली की ती सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. चौरस सेंटिमीटरला पाच किलो दाबावर वाफेचे तापमान जवळपास १५८ अंश असते. कल्हईचे साधे सोल्डर १८३ अंशांना मऊ पडू लागते. पाणी कमी झाले, पत्रा कोरडा तापला, की तो सांधा गेलाच. म्हणून तांब्याचा बॉयलर चांदीच्या सोल्डरने जोडतात. ते सहाशे अंशांच्या वर वितळते. बॉयलर झाल्यावर त्याची पहिली चाचणी वाफेवर घेत नाहीत. तो पाण्याने काठोकाठ भरून, थंड अवस्थेत, कामाच्या दुप्पट दाबाला तपासतात. पाणी दाबले तरी आकसत नाही, त्यामुळे सांधा फुटला तर पाणी पाझरते, स्फोट होत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह, पाण्याची काच आणि दाबमापक नसलेला बॉयलर पेटवू नये. डोळ्यांना चष्मा असावा, आणि लेथजवळ हातमोजे व सैल बाह्या कधीही नसाव्यात. लेथचा काम धरून फिरणारा चक हातमोज्यासकट हात आत ओढतो.

आता हाताचा सामाजिक अर्थ. महाराष्ट्राच्या गावगाड्यात लोहार, सुतार, तांबट, कासार यांनी धातू आणि लाकूड पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी अजूनही हातोड्याच्या ठोक्यांसाठी ओळखली जाते. पण ज्याच्या हातात हातोडा होता, त्याच्या हातात लेखणी नव्हती. आणि ज्याच्या हातात लेखणी होती, त्याने हातोडा धरणे कमीपणाचे मानले गेले. धातूचे ज्ञान वहीत उतरले नाही आणि वहीतले ज्ञान धातूत उतरले नाही. या तुटीची किंमत केवढी झाली असेल?

ही तूट भरून काढणाऱ्यांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव पहिले घ्यावे लागते. १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकला शिकायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर ते यांत्रिक रेखाचित्राकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. संस्थेच्या कार्यशाळेतली यंत्रे त्यांनी स्वतः हाताळून आपलीशी केली. बेळगावात बंधू रामूअण्णांच्या जोडीने सायकलींचे दुकान चालवले. त्यातून कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांना तो नांगर पटवून देण्यात वर्षे गेली. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या पाठबळावर कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. रेखाचित्र काढणारा हात आणि यंत्र चालवणारा हात एकाच माणसाचा होता, हे त्या उद्योगाचे बीज होते.

तेच बीज पुढे वेगवेगळ्या मातीत रुजले. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतली मुले तिथे वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी हाताने करत शिकतात, आणि त्या कामातूनच गणित व विज्ञान त्यांच्या ओळखीचे होते. पुण्यातच कोथरूडला भाऊ जोशी यांच्या छंदातून लहान रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये उघडले. सिग्नल, रूळ, स्थानके, घाट, सगळे हलते-चालते. एका माणसाच्या घरगुती आवडीने हजारो मुलांना आगगाडी कशी चालते ते दाखवले.

शेवटचा भाग गाझियाबादचा. उत्तर प्रदेश सरकारच्या ‘एक जनपद, एक उत्पाद’ योजनेत या जिल्ह्याच्या नावापुढे अभियांत्रिकी वस्तू आहेत. बुलंदशहर रोड, मेरठ रोड, कवीनगर, साहिबाबाद या औद्योगिक भागांत लेथ, मिलिंग, ओतकाम, गिअर कापणे अशी कामे चालतात. चाळीस किलो धातू घेणाऱ्याच्या मागे चारशे ग्रॅमचा तुकडा मागणारा हौशी माणूसही इथे उभा राहू शकतो, कारण सळयांची उरलेली टोके भंगारात वजनावर विकली जातात. मॉडेलला बहुधा तीच पुरतात. अवजारांसाठी दिल्लीतला जी. बी. रोड आहे, पितळ-तांब्याच्या सामानासाठी चावडी बाजार आहे. जरा पलीकडे पितळेच्या ओतकामाचे मुरादाबाद, कुलुपांचे अलीगढ, कात्र्या आणि बँडच्या वाद्यांचे मेरठ. धातूच्या एवढ्या विद्या एका दिवसाच्या प्रवासात देशात थोड्याच ठिकाणी सापडतील.

इथे आलेल्या मराठी माणसाला शब्दांची थोडी वाट बदलावी लागते. त्याची कानस इथे ‘रेती’ होते, आणि मराठी कानाला रेती म्हणजे वाळू. आटे म्हणजे ‘चूडी’, लेथ म्हणजे ‘खराद’, व्हाइस म्हणजे ‘बांक’. एक शब्द मात्र दोन्हीकडे सारखाच: सूत. इंचाचा आठवा भाग मराठी सुताराला सूत आणि इथल्या मिस्त्रीलाही सूत. खरादवर बसलेल्या मिस्त्रीशी ओळख करून घेणे हा या छंदातल्या गुंतवणुकीचा पहिला हप्ता समजावा. जे पुस्तकात नाही, ते त्याच्या बोटांत आहे.

सदनिकेत राहणाऱ्याची अडचण खरी आहे. राहत्या खोलीच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोंचा वापरभार धरतात. म्हणून टेबलावर मावणारा लहान लेथ घ्यावा, तो भिंतीलगत ठेवावा, खाली जाड रबर घालावे. अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर, म्हणजे सुमारे ३७० वॅट, घरच्या सिंगल फेजवर आरामात चालते. कानस आणि हातोडा दुपारी वापरावा, रात्री रेखाचित्र काढावे. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात आणि पावसाळ्यात उघडे पोलाद एका रात्रीत गंजते, म्हणून काम संपले की तेलाचा हात फिरवल्याशिवाय दिवा मालवू नये.

सार एवढेच. नमुना मोठ्या यंत्राने झाकलेले सत्य उघडे करतो. माप त्या सत्याला धीराने आणि पुराव्याने पकडते. हात ते सत्य धातूत उतरवतो आणि लेखणी व हातोडा यांतले जुने अंतर मिटवतो. घरातल्या बाकावर या तिन्ही गोष्टी एकत्र येतात, आणि तिथे पगार नसतो, परीक्षा नसते, कोणाची घाई नसते.

म्हणून शेवटी एक विनंती. प्रत्येक घरात मुलांसाठी अभ्यासाचे टेबल असते. त्याच्या शेजारी एक मजबूत बाक ठेवा. त्यावर एक व्हाइस, एक कानस, एक पट्टी आणि पितळेचा एक तुकडा ठेवा. मुलगा असो वा मुलगी, त्या तुकड्याची एक बाजू खरोखर सपाट करून दाखव, एवढेच सांगा. पुढचे शिक्षण तो तुकडा स्वतः देईल.